नेदरलँडला गेलेली मनीषा

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहून पाठवा, असा या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी एका फोनच्या चार्जिंगच्या भोकातून नागलीचं पीठ काढत होते. फोन पिठाच्या डब्यात पडला होता. तो तिथे का ठेवला होता, असं विचारलं तर बाई म्हणाली, "पोरं गेम खेळत्यात, म्हनून लपवला." संपादकांना हवे तसे किस्से माझ्याकडे ढिगाने आहेत. पण लिहायला बसले की एकच दिवस डोळ्यांपुढे येतो, आणि त्यात गंमत फार थोडी होती. तेव्हा संपादकांनी रागावू नये.

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, भिंगाचा दिवा, गरम हवेचं यंत्र आणि मी. हे काम बाईमाणसाला जमणार नाही, असं सुरुवातीला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्या बायका आता माझ्याकडेच येतात. कारण साधं आहे. फोनात फोटो असतात, मेसेज असतात. फोन चार दिवस परक्या पुरुषाच्या दुकानात ठेवायला बाई कचरते. म्हणून आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्सबाई, आश्रमशाळेच्या मॅडम, सगळ्या माझ्या गिऱ्हाईक. बाजाराच्या दिवशी मी पेटी घेऊन खोडाळ्याला जाते आणि तिथे एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसते.

लोकांना वाटतं, हे हाताचं काम आहे. अर्धं काम तोंडाचं आहे. फोन बिघडला म्हणून जो येतो, त्याला मी पहिल्यांदा विचारते, "बिघडायच्या आधी काय केलं होतं?" उत्तर ठरलेलं, "काहीच नाही." या 'काहीच नाही'च्या पोटात काय काय असतं ते बाहेर काढता आलं की निम्मी दुरुस्ती झाली.

हल्ली फुटलेल्या काचा आणि फुगलेल्या बॅटऱ्यांच्या जोडीला एक नवं दुखणं आलं आहे. फोन धडधाकट, रेंज भरपूर, नेट चालू, आणि तरी एक मेसेज जात नाही की येत नाही. मी फोन हातात घेते आणि वरच्या पट्टीकडे बघते. तिथे एक बारीकशी किल्ली दिसते. मग कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी राहतं. ती किल्ली म्हणजे व्हीपीएन.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. समजा तुम्हाला एक पत्र पाठवायचं आहे, पण ते जव्हारहून आलं हे कळू द्यायचं नाही. तुम्ही ते बंद पाकिटात घालून दुसऱ्या गावच्या एका माणसाकडे धाडता. तो ते आपल्या पाकिटात घालून पुढे टाकतो. घेणाऱ्याला शिक्का त्या दुसऱ्या गावचा दिसतो. उत्तरही त्या माणसाकडेच येतं आणि मग तुमच्याकडे. व्हीपीएन म्हणजे हा मधला माणूस. मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा विश्वासाचा माणूस असतो, तिथे ही सोय चांगलीच आहे. पण फुकटच्या ॲपमध्ये हा माणूस कोण, कुठल्या देशातला, तुमची पत्रं चाळतो की नाही, देवाला ठाऊक. आणि तो दार लावून बसला की तुमची सगळी पत्रं त्याच्या ओट्यावर पडून राहतात.

एकदा एक गुरुजी तावातावाने दुकानात आले. बँकेचं ॲप उघडेना म्हणून बँकेत भांडून आले होते, आता माझी पाळी होती. मी किल्ली पाहिली आणि म्हटलं, "गुरुजी, बँकेच्या मते तुम्ही सध्या सिंगापूरला आहात." ते म्हणाले, "अहो, मी आत्ता समोरच्या एसटीतून उतरलो!" क्रिकेटची मॅच फुकट दिसते म्हणून भाच्याने ॲप टाकून दिलं होतं. ॲप काढलं, बँक उघडली. गुरुजी हसले नाहीत. मला मात्र त्या दिवशी जेवताना ठसका लागला.

हे खूळ आमच्या डोंगरात आलं कसं, तेही सांगायला हवं, नाहीतर शहरातले वाचक आमच्या लोकांना खुळ्यात काढतील. इथली पोरं कामाला भिवंडीकडे जातात, वसईकडे जातात. तिथल्या गोदामात, कंपनीत वायफाय असतं, पण व्हिडिओ बंद करून ठेवलेले असतात. कोणीतरी व्हीपीएन टाकायला शिकवतं आणि बंद असलेलं सगळं चालू होतं. म्हणजे यांच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट अशी, की किल्ली लावली आणि नेट आलं. मग पोरगा सणाला घरी येतो. पाड्यावर टॉवर पोचत नाही, टेकडीवर चढून हात उंच करावा तेव्हा एखादी दांडी दिसते. तो मायेने आईच्या, मावशीच्या, चुलत्याच्या फोनात ती किल्ली बसवून देतो, रेंज यावी म्हणून. यात वेडेपणा कुठे आहे? त्याने पाहिलं तेच केलं. मी घसा फोडून सांगत असते, की ही किल्ली रेंज आणत नाही. लोक मान डोलावतात आणि किल्ली तशीच ठेवतात.

आता त्या दिवसाचं.

खोडाळ्याचा बाजार भरात होता. मी ओट्यावर बसून एक स्पीकर बदलत होते. जीपगाड्या उभ्या राहतात त्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. बाजारात भांडणं होतातच, म्हणून मी मान वर केली नाही. मग जानकी धावत आली. पाड्यावर राहणारी, भात आणि नागली करणारी, माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि हातात नवऱ्याचा फोन होता.

"बाय, ह्यो वाच. माझे मनीषाला इकली. परदेशात इकली."

फोनवर मराठीत स्वच्छ लिहिलं होतं. तुमच्या खात्यात नव्याने साइन-इन झालं आहे. ठिकाण, नेदरलँड्स. मेसेज काही दिवसांपूर्वीचा होता, पण पाड्यावर रेंज नाही, म्हणून बाजारात आल्यावर आत्ता पडला होता.

मनीषा तिची थोरली मुलगी. बारावी होऊन वसईकडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला गेली होती. बाप सोमा नको म्हणत असताना गेली होती. पाड्यावरून तिला आणि आणखी काही मुलींना जीपमधून नेऊन सोडलं होतं संतूने. संतू जव्हारचा. पूर्वी भिवंडीला टेम्पो चालवायचा, आता स्वतःची जीप या पाड्यांवर फिरवतो. पावसात एसटी येत नाही तिथे संतू जातो. आणि मनीषाचा गेले कित्येक दिवस फोन नाही, मेसेज नाही. लावला तर लागत नाही. ज्या मुकादमाने काम लावून दिलं तोही फोन उचलत नव्हता.

"संतू कुठे आहे?" मी विचारलं.

जानकीने आरड्याओरड्याकडे हात केला.

हातातला स्पीकर मी तसाच टाकला. किराणावाल्याला म्हटलं, आधी पोलिसांना फोन लाव. मग मी गर्दीत घुसले. जीपला पुरुषांनी कडं केलं होतं. संतू स्टेअरिंगमागे बसला होता, ओठ फुटलेला, शर्टाची बाही फाटलेली. जीपची किल्ली आणि फोन दोन्ही काढून घेतलेले. जानकीचा पुतण्या किसन दार धरून उभा होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता, "बोल, कोनाला इकली? कितीला इकली?"  सोमा मात्र जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात कोयती होती. 

या लोकांना मी ओळखते. ही मारकुटी माणसं नव्हेत. पण कामाला म्हणून नेलेली मुलगी परत आली नाही, असं या डोंगरात पूर्वी घडलेलं आहे, आणि तेव्हा कोणी दाद घेतली नाही हेही त्यांना आठवतं. त्यात आता खुद्द फोन सांगत होता. माणूस खोटं बोलेल, फोन कशाला बोलेल?

मी किसनला बाजूला सारलं आणि जीपच्या दुसऱ्या सीटवर चढून बसले. बाईमाणूस मध्ये बसल्यावर कडं थोडं सैल झालं. मी सोमाला विचारलं, "हा मेसेज आला तेव्हा तू काय केलंस?"

"काईच नाय."

"सोमा, नीट सांग."

"फोनानं इचारला, हा तू हाय का? मी नव्हतो, तं नायच म्हनलो."

 बाप-लेकीचं खातं एकच. घरोघरी असंच असतं, एकाने काढलेलं खातं सगळ्यांच्या फोनात. सोमाने खरं तेच उत्तर दिलं आणि त्या खऱ्या उत्तराने मनीषाचं खातं तिच्याच फोनातून बाहेर काढलं. हरवलेला फोन नकाशावर शोधायची जी सोय असते, तीही त्याबरोबर गेली. ती कुठे आहे, हे दाखवायला माझ्याकडे आता काही उरलं नाही.

संतू माझ्याकडे न बघता अगदी हळू बोलला. "ताई, ते नेदरलँड मीच आहे. म्हणजे ॲप मीच टाकून दिलं. कंपनीच्या होस्टेलच्या वायफायवर व्हिडिओ कॉल लागत नाही, पोरगी रडत होती, आईला कसं बघू म्हणून. बंद पडू नये म्हणून कायम चालूचं बटण पण दाबलं. कसम से, एवढंच केलं."

मला सगळं एका झटक्यात कळलं. त्या ॲपमध्ये असं एक बटण असतं, ते दाबलं की व्हीपीएन नसेल तर फोनमधून काहीही बाहेर जात नाही. फुकटचा साठा संपला असणार, मधल्या माणसाने दार लावून घेतलं असणार, आणि मनीषाचा फोन मुका झाला. सिमचं रिचार्जही संपलं असणार, म्हणजे साधा फोनही बंद. शिक्का परदेशाचा आणि मुलगी गप्प, दोन्ही एकाच किल्लीमुळे. पण 'मीच टाकलं' हे वाक्य त्या वेळी त्या गर्दीने ऐकलं असतं, तर पुढचं कोणी ऐकलं नसतं. मी म्हटलं, "गप्प बस. हे पुन्हा बोलू नकोस."

"रेखाला फोन लावा," तो म्हणाला. "ती तिच्याच खोलीत राहते. नंबर माझ्या फोनात आहे. मी मघापासून सांगतोय, कोणी ऐकतच नाही."

त्याचा फोन किसनच्या खिशात होता. मी मागितला, तो देईना. "पुरावा हाय," म्हणाला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला म्हटलं, "तुझी बहीण जिवंत आहे की नाही ते या फोनमधून कळणार आहे, आणि तू तो खिशात घालून उभा आहेस!" जानकीने पुतण्याच्या खिशात हात घालून फोन काढला आणि माझ्याकडे दिला.

रेखाचा फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवतात," संतू म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत उचलेल." मी तिला मेसेज टाकला, की मनीषाला घेऊन ताबडतोब फोन कर. आता सुट्टी होईपर्यंत या माणसांना धरून ठेवायचं होतं. गर्दी वाढत चालली होती. मागून येणाऱ्यांना 'पोरी विकणारा सापडला' एवढंच कळत होतं. पोलिसांची गाडी घाटात आहे, असा किराणावाल्याने निरोप पाठवला.

मी किसनकडे वळले. "तुझा फोन दे."

"माझा कशाला?"

"दे म्हणते ना."

वरच्या पट्टीत किल्ली होतीच. नेट कुठून चालू आहे ते सांगणारं एक पान मी त्याच्या फोनवर उघडलं आणि फोन त्याच्याच तोंडासमोर धरला. "वाच. मोठ्याने वाच."

किसनने मनातल्या मनात वाचलं.  शेजारच्याने मान लांब करून वाचलं, "नेदरलँड्स."

"किसन, तू कधी गेलास नेदरलँडला?" मी विचारलं. "तुलापण विकलं का कोणी?"

पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने किसनच्या दंडाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "हितंच तं हाय रं." कोणीतरी हसलं. मी ॲप बंद केलं, पान पुन्हा उघडलं, महाराष्ट्र आलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा नेदरलँड. फोन हातोहात फिरला. मागच्यांना पुढचे समजावून सांगायला लागले. मला वाटलं, सुटलो.

सोमा मात्र हसला नव्हता. तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. "ती तिकडं नाय, ता समजला. मग माझी पोर कुठं हाय?"

 मी एवढंच दाखवलं होतं, की फोन खोटं सांगतो. मुलगी सुखरूप आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मुलगी गप्प का, याचं मी मनाशी जुळवलेलं उत्तर खरं असेलच असं नव्हतं. संतूच्या शब्दापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं, आणि एक क्षण, लिहायला जड जातं, पण मीही संतूकडे संशयाने पाहिलं. त्याला ते दिसलं. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रेखा.

मी स्पीकर लावला, कारण तो लावल्याशिवाय कोणी मानलं नसतं. रेखाने फोन मनीषाकडे दिला आणि मनीषा रडायलाच लागली. "आये, मी रोज मेसेज करतेय. रोज. तुमी कोनी बघतच नाय. मला वाटला, बा अजून रागात हाय, तुमी मला टाकला."

जानकी मटकन खाली बसली. सोमाने तोंड फिरवलं, आणि त्याच्या हातातली कोयती कोणीतरी हळूच काढून घेतली. कित्येक दिवस ती तिकडे आणि हे इकडे, दोघेही एकमेकांच्या रागाला भीत बसले होते. मला सोमाचा राग आला आणि त्याची कीवही आली.

मी फोन बंद करायला हात पुढे केला, पण मनीषा बोलतच होती. "संतूदादाला इचार ना, त्याने माझे फोनात तो किल्लीवाला ॲप टाकलाय, तो कसा काढायचा? रेखा आता म्हनते, त्याच्यानंच सगळा अडकलाय."

सगळी गर्दी पुन्हा जीपकडे वळली. किसनचा हात दारावर आला. संतूने डोळे मिटले.

जानकी खाली बसल्या जागेवरून बोलली. आवाज मोठा नव्हता. "तो ॲप माझे फोनात पन हाय. किसनानं टाकला, दिवाळीला. रेंज येते म्हनला." मग ती उठली आणि सगळ्यांकडे पाहिलं. "कोनाचे फोनात नाय, त्यानं पुढं या."

कोणी पुढे आलं नाही. किसनने दारावरचा हात काढला.

पोलीस आले तेव्हा मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी मनीषाशी बोलून खात्री केली. संतूला तक्रार द्यायची आहे का विचारलं. तो नको म्हणाला. सोमाने लोटाभर पाणी आणून त्याच्यासमोर धरलं. संतूने चूळ भरली, तोंड धुतलं आणि लोटा परत दिला.  मी ओट्यावर जाऊन बसले तर समोर रांग. बाजार उठेपर्यंत मी किल्ल्या काढत होते. एका फोनला काही सेकंद लागतात.

मनीषा अजून तिथेच कामाला आहे, आता रोज रात्री आईशी बोलते. घरात दोन खाती वेगवेगळी केली आहेत. धंद्याच्या हिशोबाने पाहिलं तर माझी दुरुस्ती पक्की झाली.

जानकी आता बाजाराला चालत येते. डोक्यावर ओझं घेऊन, चढ-उतार करत, बाकीच्या बायकांबरोबर. मधूनमधून जव्हारला दवाखान्यात येते आणि माझ्या दुकानात टेकते. परवा आली होती. म्हणाली, "बाय, संतूला फोन लाव ना. जीप येत नाय, पाड्यावर लई हाल हायती. किसन माफी मागनार हाय."

मी लावला. त्याने लगेच उचलला. जानकीने विनवलं. तो नेहमीसारखाच गोड बोलला, "मावशी, आज नाय जमणार. मी गाडी घेऊन विक्रमगडला आलोय. रात्री उशीर होईल."

"बरा, बरा, मग पुढले येळी," जानकी म्हणाली आणि ओझं उचलायला वाकली.

मी काउंटरमागून बाहेर पाहिलं. स्टँडच्या कडेला संतूची जीप उभी होती. तो आत बसला होता, फोन अजून कानाला, आणि माझ्या दुकानातून जानकी बाहेर पडायची वाट पाहत होता. मी जानकीला म्हटलं, "थोडा वेळ बस. चहा सांगते." आणि तिला दाराकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसवलं.